अठ्ठावीस नंबरची तीट

खासनीस साहेबांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, तेव्हा सातपूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तिघंच होतो. साहेब, नसीम आणि मी. टेबलावर धुतलेली चादर अंथरली होती आणि तिच्यावर विमान उभं होतं. दोन फूट लांब, चंदेरी, फेकायला उचललेल्या भाल्यासारखं. मिग-एकवीस. आवाजाला मागं टाकून पुढं जाणारं लढाऊ विमान, त्याचा बरोब्बर चोविसावा भाग.

साहेब हवाई दलातून ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले. पंचवीस वर्षांचे असताना ज्या विमानात ते पहिल्यांदा एकटे वर गेले, ते अठ्ठावीस नंबरचं विमान त्यांना छोट्या रूपात हवं होतं. एक नाही, चाळीस. प्रत्येकाखाली पितळी पट्टी, पट्टीवर अनुक्रमांक, चाळीसनंतर साचा मोडायचा. त्यांच्या जुन्या साथीदारांनी आणि असल्या वस्तू जमवणाऱ्या शौकिनांनी आधीच नावं नोंदवून ठेवली होती. पण त्याआधी साहेबांनी दोन कारागिरांना नापास केलं होतं. एकाला पंखावर रिबिटांची एक ओळ जास्त झाली म्हणून, दुसऱ्याला चाकाच्या टायरवरची नक्षी चुकली म्हणून.

तिसरी नसीम. माझ्या उस्तादाची, युसूफभाई मणियारांची धाकटी पोर. प्लास्टिकचे साचे करणाऱ्या कंपनीतली बरी नोकरी सोडून तिनं हे शेड घेतलं होतं आणि सात महिने खपून हा पहिला नमुना केला होता. तो पसंत पडला तर चाळीसचं काम. नाही पडला, तर शेडला कुलूप लावायचं आणि मालेगावला थोरल्या भावाच्या चपलांच्या दुकानात जाऊन बसायचं, असं घरात ठरलेलं होतं. भावानं तिच्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं म्हणे.

आणि शेडमधला तिसरा माणूस मी. दामोदर शेवाळे. ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं रंगखात्यात होतो. पण ओझर ते पिंपळगाव मला कोणी रंगारी म्हणून ओळखत नाही, थापाड्या दामू म्हणून ओळखतात. त्यात माझा दोष थोडाच आहे. मी एवढंच सांगितलं होतं की एकदा नंबरचा रंग ओला असतानाच विमान उडालं, तो नंबर ढगाला लागला आणि अठरा नंबरचा ढग चार दिवस सिन्नरवर फिरत होता. आता सिन्नरच्या लोकांनी वर बघितलं नाही, त्याला मी काय करणार? एका रशियन इंजिनियरला आमच्या घरचा ठेचा खाऊ घातला, तर तो विमानात न बसताच धावपट्टीवरून दोन चकरा मारून आला, हेही मी सांगतो. त्यातल्या एका चकरेला साक्षीदार आहेत.

असो. नसीमनं मला बोलावलं ते थापा मारायला नाही, नंबर घालायला. सगळं विमान तिनं स्वतः केलं, पण नंबर मात्र म्हणाली, "चाचा, हा अब्बांच्या हाताचा पाहिजे. अब्बा नाहीत, तर तुमच्या हाताचा." युसूफभाई जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. आकडा कसा काढायचा ते मला त्यांनीच शिकवलेलं. दोनची मान कुठं वळते, आठच्या दोन्ही पोटांत रंग साचू नये म्हणून ब्रश कधी उचलायचा, सगळं. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर तिरकं छाटलेलं होतं. लहानपणी गावाकडं कडबा कापताना गेलं. त्या अर्ध्या बोटानं ते रंग सुकला की नाही हे बघायचे आणि म्हणायचे, पूर्ण बोटवाल्यांना अर्धंच कळतं.

तर आदल्या दिवशी दुपारी मी नंबर घातला. चष्म्यावर चष्मा लावून, श्वास धरून. दोन, आठ. मग बोट हळूच टेकवून सुकलाय का ते बघितलं. नसीमनं चहा दिला. ती खूश, मी खूश.

आता भिंगाखाली साहेबांचा डोळा पंखावरून सरकला, शेपटीवर गेला, नंबरावर थांबला. साहेब मान हलवत होते. होकाराची ती मान बघून नसीमनं ओढणीचा पीळ सोडला. मग साहेबांनी विमान अलगद उचललं, उताणं केलं आणि पुढच्या चाकाचं अर्धवट उघडं झाकण नखानं पूर्ण उघडलं. ते झाकण आगपेटीच्या काडीएवढं लांब.

त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

नसीमनं वाकून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. झाकणाच्या आतल्या अंगाला काळा डाग होता. मसुराच्या डाळीएवढा, गोल, गुळगुळीत. आदल्या दिवशी सकाळी तो नव्हता हे तिला ठाऊक होतं. आणि काळा रंग त्या शेडमध्ये फक्त मी वापरला होता, हे तिलाही कळलं आणि मलाही. पण खरं सांगतो, माझं बोट तिथं कधी गेलं ते मला आठवेना. आजतागायत आठवत नाही.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले की काम फार सुंदर होतं, पण शेवटच्या क्षणी हात धुतलेले नव्हते. जो आतल्या बाजूला निष्काळजी असतो तो चाळीसमध्ये चाळीस वेळा असणार. असं म्हणून ते भिंग पुसायला लागले. वस्तू परत खिशात ठेवायची माणसाची एक लय असते, ती सुरू झाली की त्याचा निर्णय झालेला असतो.

 नसीम नुसती त्या डागाकडं बघत होती. मला ते मालेगावचं स्टूल डोळ्यांसमोर दिसलं.

"साहेब, तो डाग नाही," मी म्हणालो. "ती तीट आहे."

"काय आहे?"

"तीट. पोराला नजर लागू नये म्हणून आई गालावर काळा ठिपका लावते ना, ती. युसूफभाई लावायचे. विमान नवं, देखणं, सगळी दुनिया बघणार. म्हणून बाहेर जायच्या आधी पुढच्या चाकाच्या झाकणाला आतून, तपासणीवाल्याला दिसणार नाही अशी. तुमच्या अठ्ठावीसलाही असणार. म्हणून याला लावली."

मी सांगतो, हे सगळं बोलून झालं तेव्हा मलाही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटलं. थाप चांगली असली की ती आपली आपण येते, आपण फक्त तोंड उघडं ठेवायचं.

साहेबांनी परत भिंग लावलं. "शेवाळे, याला चोवीसनं गुणा. खऱ्या विमानावर हा डाग ताटलीएवढा होईल."

"साहेब, पोर केवढं, तीट केवढी," मी म्हणालो. "विमान केवढं?"

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की संशय, कळलं नाही. मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि म्हणाले की गोष्ट चांगली आहे, पण ते गोष्टी विकत घेत नाहीत. अठ्ठावीस नंबर काही चंद्रावर नाही, दिंडोरीच्या वाटेवर एका कॉलेजच्या फाटकात चौथऱ्यावर उभं केलंय. उद्या सकाळी नऊ वाजता तिथं जाऊ, झाकणात बघू. तीट असेल तर चाळीसही नसीमची. नसेल तर नमस्कार.

ते गेल्यावर नसीमनं दार लोटलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"चाचा, खरं सांगा. अब्बा तीट लावायचे?"

"लावायचे."

"मला कधी बोलले नाहीत."

"कारखान्यातलं घरी बोलायचं नाही, असा नियम होता."

"पण तुमचा ढग तर सगळ्या गावाला ठाऊक आहे."

मी उगाच वर पत्र्याकडं बघितलं. ती म्हणाली, तुम्ही खरं बोलतो म्हणालात की मला जास्त भीती वाटते. मग खाली बसून तिनं सात महिन्यांचे ब्रश एक एक करून थिनरमध्ये धुवायला घेतले. दुकान आवरताना धुवावेत तसे.

घरी गेलो. आमच्या लीलाला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता?"

मी म्हणालो, "तुझी काजळाची डबी दे."

ती काजळ घरीच करायची, तुपाच्या दिव्यावर धरून. नव्या डबीत तिनं ते त्याच आठवड्यात भरलेलं होतं, वरून आरशासारखं गुळगुळीत. डबी माझ्या हातात ठेवताना ती म्हणाली, आजवर तोंडानं खोटं बोलत होता, आता बोटानं बोलणार. पण दिली.

सकाळी नऊला कॉलेजच्या फाटकात आम्ही तिघं. चौथरा कमरेइतका उंच, त्यावर विमान. बाहेरून संगमरवरासारखं पांढरं रंगवलेलं, कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला कोणीतरी शेपटीला बांधलेली पताका अजून तशीच. पंखाखाली दोन कुत्री झोपलेली.  साहेबांनी हात उंच करून पंखाच्या कडेला लावला आणि लगेच काढून घेतला. फाटकावरच्या शिपायानं झेंडा लावायची शिडी आणून दिली आणि बजावलं की पुढच्या चाकाच्या पोटात गांधीलमाशांचं पोळं होतं, आता आहे की नाही माहीत नाही.

हे माझ्या पथ्यावर पडलं. मी म्हणालो, साहेब, तुमचं वय, पोरीला माशा चावायला नकोत, मी चढतो. मला तर गांधीलमाशा ओळखतात. कुणी हसलं नाही. मी टॉर्च तोंडात धरला, उजवा हात खिशात घातला, डबीचं झाकण अंगठ्यानं सैल केलं आणि चढलो. माशा नव्हत्या. चिमणीचं जुनं घरटं होतं. झाकण उघडंच लोंबत होतं. मी मान आत घातली, टॉर्च आतल्या अंगावर फिरवला, डबी काढायला बोटं घातली.

आणि बोटं तिथंच राहिली.

झाकणाच्या आतल्या हिरवट रंगावर काळा ठसा होता. ताटलीएवढा नव्हे, बोटाएवढा. जुना, भेगाळलेला, वर धुळीचा थर. मी थुंकी लावून पुसला. धूळ गेली, ठसा राहिला. गोल नव्हता. एका बाजूनं तिरका छाटल्यासारखा, चतकोर भाकरीसारखा.

शिडीवर मी किती वेळ उभा होतो, मला माहीत नाही. तिथं मला एक गोष्ट कळली. ती तुम्हाला सांगतो, पण जरा थांबून.

"काय आहे?" खालून साहेब.

"आहे," मी म्हणालो. 

"खाली या. बोटं दाखवा."

मी उतरायला लागलो आणि शेवटून दुसऱ्या पायरीवर खिशातली डबी उलटी होऊन बाहेर आली, चौथऱ्यावर एकदा आपटली आणि गडगडत जाऊन साहेबांच्या बुटाला टेकली. झाकण अजून लागलेलं होतं, तेवढी लीलाची पुण्याई. साहेबांनी ती उचलली. उघडली. वास घेतला. नसीमनं डबी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

मी दोन्ही पंजे पुढं केले. शाळेत छडी खायला करतात तसे.

साहेबांनी माझी दहाही बोटं उलटून पालटून बघितली. मग डबी उन्हात धरून तिरकी केली. काजळाचा पृष्ठभाग आरशासारखा, त्यावर साधा ओरखडा नाही.

"लावायला आणलं होतं," साहेब म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

"हो साहेब."

"लावलं का नाही?"

"जागा रिकामी नव्हती."

साहेब काही बोलायच्या आत नसीम शिडीवर चढली होती. ओढणी कमरेला खोचून, झपाझप. तिनं टॉर्च मागितला, मी दिला. तिचं डोकं आत गेलं आणि मग बाहेर फक्त तिची पाठ दिसत होती. ती पाठ एकदम थांबली. खाली कुत्र्यानं जांभई दिली तीसुद्धा ऐकू आली.

"चाचा," ती आतून म्हणाली, "हे अब्बांचं बोट आहे."

मी म्हणालो, "हो पोरी."

ती उतरली तेव्हा रडत नव्हती. उजव्या हाताचं बोट मात्र तिनं डाव्या मुठीत धरलेलं होतं, ठसा अजून गरम असावा तसं. साहेबांना तिनं छाटलेल्या पेराची हकिकत सांगितली. कडबा, गाव, सगळं. साहेब ऐकत राहिले आणि मग सत्तरीतला तो माणूस कोट काढून माझ्या हातात देऊन स्वतः शिडीवर चढला. वर त्यांनी ठशावर नख घासलेलं मी ऐकलं. खरवडून निघत नव्हता.

खाली आल्यावर ते बराच वेळ कोटाची बटणं लावत होते. म्हणाले, उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून सगळं तपासायचं असतं, हे झाकणही. हा काळा डाग त्यांनी शंभर वेळा तरी बघितला होता. तेलाचा समजायचे. मेकॅनिकला दरवेळी रागवायचे, तो दरवेळी फडक्यानं घासायचा, आणि डाग दरवेळी तिथंच. एकदा वर इंजिन बंद पडून परत सुरू झालं, विमान सुखरूप उतरलं, तेव्हाही खाली येऊन त्यांनी पहिल्यांदा त्या मेकॅनिकला डागावरूनच झापलं होतं.

"नसीम," ते म्हणाले, "तुझं मॉडेल चुकीचं आहे."

तिनं शिडीला हात टेकवला.

"तीट गोल नाही. एका बाजूनं तिरकी आहे. आणि ताटलीएवढी नाही, बोटाएवढी. चोवीसनं भागून दुरुस्त कर. चाळीसही मला तशाच पाहिजेत, भिंगानं बघणार आहे."

नसीम म्हणाली, करते. मग म्हणाली, सुईच्या टोकानं करावी लागेल. मग हिशेब करायला लागली की एका बोटाचं चोवीसनं किती, आणि बोलता बोलता ती हसायला लागली, आणि थांबेचना.

गाडीत बसताना साहेबांनी डबी मला परत दिली आणि विचारलं, "शेवाळे, एक सांगा. तुम्हाला हे ठाऊक कसं होतं?"

आता बघा, माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा चांगली संधी आयुष्यात मिळत नाही. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. मी सरळ सांगितलं, "ठाऊक नव्हतं साहेब. थाप मारली होती."

साहेब मोठ्यांदा हसले. म्हणाले, "आता तरी खोटं बोलू नका." आणि काच वर केली.

आता शिडीवर मला काय कळलं ते सांगतो. नंबर घातल्यावर रंग सुकला का ते बघायला बोट टेकवायचं, हे आम्हा रंगाऱ्यांचं रोजचं. बोटाला रंग लागला तर ते पुसायचं कुठं? चंदेरी अंगाला पुसलं तर तपासणीवाला हजेरी घेणार, कपड्यांना पुसलं तर बायको. म्हणून युसूफभाई न बघता हात खाली न्यायचे आणि पुढच्या चाकाच्या झाकणाला आतून पुसायचे. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं उभा होतो. त्यांनी मला हे कधी शिकवलं नाही, मी ते कधी शिकलो नाही. पण निवृत्तीनंतर चार वर्षांनी, दोन फुटी विमानापुढं, माझं बोट आपलं आपण तिथं गेलं. तीट नव्हती ती. बोट पुसलेलं होतं.

हे मी नसीमला सांगितलेलं नाही. बाप विमानांना नजर लागू नये म्हणून तीट लावायचा, हे ती आता येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगते. आणि ते खोटं आहे असं तरी कसं म्हणू? अठ्ठावीस नंबर दरवेळी खाली सुखरूप आलं होतं.

त्या चाळीसनंतर नसीमनं शेड वाढवलं. हाताखाली सहा बाया आहेत. मालेगावच्या स्टुलावर भाऊ स्वतःच बसतो. मागच्या महिन्यात मी सहज गेलो होतो. वय सत्त्याहत्तर, ब्रश धरवत नाही, चहा धरवतो. ती दुसऱ्याच एका विमानाचा नंबर घालत होती, जुन्या, पंख्यानं उडणाऱ्याचा. शेवटचा आकडा झाला, तिनं ब्रश ठेवला, बोट हळूच टेकवून बघितलं. माझ्याशी बोलत होती, नजर माझ्याकडं होती. बोलता बोलता तिचा हात खाली गेला आणि पुढच्या चाकाच्या झाकणाला आतून बोट पुसून वर आला.

मी चहाचा घोट घेतला आणि तिला विचारलं, सिन्नरवरच्या त्या ढगाचं तुला सांगितलं होतं का कधी?